बॅटरी आणि पिरंगुटचा घाट

दोस्तांनो, पुण्याहून पौडला इलेक्ट्रिक सायकलने जायचंय? मग जाहिरातीतल्या किलोमीटरवर भुलू नका, स्वतः गणित मांडा. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. सपाट डांबरी रस्त्यावर पायडल मारत गेलात, तर किलोमीटरला साधारण १० वॉट-तास लागतात; झाले ३६ किलोमीटर! पण वाटेत पिरंगुटचा घाट आहे ना? चढावर हा खर्च दुपटीच्याही वर जातो. म्हणून परतीचा हिशेब धरूनच बॅटरी निवडा. टायर गुळगुळीत घ्या, हवा भरपूर ठेवा. आणि घेण्याआधी मोटर बंद करून एक चढ चढून बघाच. बॅटरी संपली, की ती जड सायकल तुमच्या पायांनाच ओढायची आहे!