हसविणाऱ्यांची नावे कुणी पुसली?
मूकपटातील विनोद म्हटला की चॅप्लिन, कीटन एवढेच आपल्याला सांगितले जाते. पण १९१३ साली न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीने बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदवीराला नायक करून चित्रपट घेतला, हे कोण सांगतो? सोबतचे बहुतेक कलावंतही कृष्णवर्णीयच. तरी विल्यम्सला स्वतःच्या चेहऱ्याला काळे फासूनच हसवावे लागले! चित्रपट अपुराच राहिला. १९३९ मध्ये त्याच्या निगेटिव्ह तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात आल्या. लोकांसमोर यायला मात्र २०१४ साल उजाडले. संशोधकांनी ओठांच्या हालचालींवरून संवाद ताडले, कलावंतांची नावे शोधली. आम्ही म्हणतो, गाजलेल्यांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. डब्यात बंद पडलेल्यांना नावानिशी बाहेर काढणे, हेच खरे संशोधन!