दानाला पारख हवी

‘फादर, बँकेत तीस वर्षे अर्जच तपासले. आता निवृत्तीत तरी सुटका असू द्या.’ धर्मग्रामाच्या मदत निधीसाठी सल्लागार समिती नेमावयाची म्हणून आम्ही ज्यांच्या दारी गेलो, तेथे बहुधा हेच उत्तर मिळाले. हीच मंडळी सणाच्या मिरवणुकीत पुढे असतात, चर्चच्या रंगकामावर तासभर बोलतात. परंतु जे काम त्यांना खरोखर येते, तेवढे मात्र कोणी मागू नये, अशी त्यांची अपेक्षा! या वृत्तीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मदत देण्यास दयाळू अंतःकरण पुरेसे आहे, असा एक गोड गैरसमज आपल्यात रुजला आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षे बाळगला. जो दार ठोठावी त्याला आम्ही देत गेलो. पुन्हा आला तर पुन्हा दिले. ज्याला मागण्याची लाज वाटे तो आलाच नाही. एकदा तर एका विधवेच्या मुलीचा फीसाठीचा अर्ज आमच्या खणातच पडून राहिला. पैसे घेऊन गेलो तेव्हा प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. दया होती, पैसाही होता. नव्हती ती व्यवस्था. अर्ज कधीपर्यंत निकालात काढावा, कोणती गरज आधी, दिलेला पैसा त्याच कामी लागला काय, हे आयुष्यभर पाहिलेला एक माणूस आमच्या शेजारी असता, तर त्या मुलीचे वर्ष वाया गेले नसते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवावा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी केवळ प्रवचन करून ती मिटवली नाही. सुज्ञ व नावलौकिकाची सात माणसे निवडण्यास त्यांनी लोकांना सांगितले. 1983 च्या कॅनन कायद्याचे कलम 537 प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावी असे बजावते. धर्मप्रांताच्या वित्त समितीचे सभासद अर्थव्यवहार व नागरी कायद्यात निष्णात आणि सचोटीचे असावेत, असे कलम 492 सांगते. बिशपांच्या चौथ्या अंशापर्यंतच्या नातलगांना तेथे मज्जाव आहे. म्हणजे जाणकारी व निःपक्षपात या गोष्टी ख्रिस्तसभेने ऐच्छिक ठेवलेल्या नाहीत.

आता आम्हां धर्मगुरूंकडे वळू. लोक पुढे येत नाहीत याचे अर्धे पाप आमच्या माथी आहे. समितीत होयबा बसवावयाचे, निर्णय आधीच घ्यावयाचा आणि सह्यांपुरती वही पुढे करावयाची. मग जाणता माणूस तेथे कशाला थांबेल? समितीचा अधिकार सल्ल्यापुरता आहे हे खरे. परंतु विरोधी सल्ला ऐकावयाचाच नसेल तर सल्लागार हवेत कशाला?

कोणी म्हणतील, अनुभवी माणसे आली की कागद वाढतात आणि माया आटते. आम्हांला उलट वाटते. फादरांच्या मर्जीने मिळालेली मदत माणसाला ओशाळवाणे करते. नियमाने मिळालेली मदत ताठ मानेने घेता येते. मात्र येणाऱ्यांनीही बँकेची एक सवय उंबऱ्याबाहेर ठेवावी. गरीब हा कर्जदार नव्हे. त्याच्याकडे तारण मागावयाचे नसते. नात्यातला अर्ज आला तर बैठकीतून उठून जावे, नकार द्यावा लागला तर कारण सांगावे आणि ऐकलेले घरी नेऊ नये.

जूनमध्ये शाळा उघडतात. त्याआधी अर्ज येऊ लागतात. ते पारखून वाचणारे डोळे आमच्या धर्मग्रामात आहेत. नोकरीतून निवृत्त झाले म्हणून ते मिटलेले राहावेत, हे आम्हांला मान्य नाही.