न वाचलेल्या वाङ्मयाचा निवाडा

सलमान रश्दी यांनी एलिझाबेथ वेस्ट यांच्यासह संपादिलेला 'द व्हिंटेज बुक ऑफ इंडियन रायटिंग' हा संग्रह १९९७ साली निघाला. स्वातंत्र्योत्तर पन्नास वर्षांत भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेले गद्य सोळा 'अधिकृत' भाषांतील बहुतेक निर्मितीहून सकस व महत्त्वाचे ठरते, असा निवाडा रश्दींनी प्रस्तावनेत दिला. आपण केवळ इंग्रजीतून वाचले, भाषांतरांचीही अडचण आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु ही कबुली निवाड्याच्या आड आली नाही. संग्रहात भाषांतरित कृती एकच: मंटोची 'टोबा टेक सिंग'. सोळा हा आकडाही बरोबर नव्हता. १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी व नेपाळी यांची भर पडून आठव्या अनुसूचीतील भाषा अठरा झाल्या होत्या. भाषा किती हे पाहण्याची ज्याला निकड वाटली नाही, त्याने त्यांतील वाङ्मयाचे वजन सांगावे, हे धाडसच म्हणावयाचे!

परदेशस्थ असणे हा येथे दोष नव्हे. आपल्यापर्यंत जे पोचले तेवढेच अस्तित्वात आहे, हे गृहीतक सदोष आहे. 'घाशीराम कोतवाल'चे प्रयोग १९८० साली युरोपात मराठीतूनच झाले. इंग्रजी गद्याच्या मापाने अशा कृतीचे मोल ठरावे कसे?

२०१२ साली धमक्यांमुळे रश्दी जयपूरच्या साहित्य महोत्सवास येऊ शकले नाहीत, त्यांचे दृक्‌श्राव्य संभाषणही रद्द झाले. त्या झुंडशाहीचा निषेध निःसंदिग्धच हवा. तथापि लेखकाचा बोलण्याचा अधिकार राखणे म्हणजे त्याचा निवाडा शिरोधार्य मानणे नव्हे. संग्रहाच्या नावात 'भारतीय' या शब्दासोबत 'इंग्रजी' हा शब्द घातला असता, तर निम्मा वाद उद्भवलाच नसता.