खतपत्रे कोणाची बुडवायची?



आमच्या ओझरला पैसे बुडाल्याचा विषय निघाला, की चारचौघांतला एक तरी ठरलेले बोलतो, "लोभ केला, फळ मिळाले." सप्ताहाच्या कीर्तनातही मी हे ऐकले आहे आणि मान डोलवली आहे. आता डोलवत नाही. का, ते सांगतो.

२०१७ साल. नोटाबंदी होऊन गेली होती, स्वतःचेच पैसे काढायला बँकेपुढे रांगा लावल्याची आठवण ताजी होती. त्या जानेवारीत बिटकॉइनचा भाव हजार डॉलरच्या आसपास होता, डिसेंबरात तो वीस हजारांच्या घरात गेला. ओझरला विमान कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे पुष्कळ, हातात फंडाची रक्कम आणि घरात लग्नाची मुलगी. भोवती निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार, ज्यांचे वर्षाचे पीक एका अवकाळी रात्रीत जाते. अशा माणसांपुढे दरमहा ठरलेला परतावा देणारी योजना आली. आली कशी? भिंतीवर जाहिरात नव्हती. हरिपाठ संपल्यावर, देवळाच्या पायरीवर चपला शोधता शोधता, आमच्याच मंडळातल्या एका जुन्या टाळकऱ्याने ती सांगितली. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, वीस वर्षे दिंडीला चाललेला माणूस. आणि माणूस जोडून दिला की त्यात त्याचा वाटा होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मंडळात वीणा माझ्याकडे असते. दोघांनी मला विचारले, "बुवा, हे खरे का?" मी म्हणालो, "आपला माणूस सांगतोय, खोटे कशाला सांगेल?" त्या दोघांपैकी एकाचे चार लाख गेले.

आता सांगा, यात लोभ किती आणि विश्वास किती?

याच साच्यातले देशातले मोठे प्रकरण म्हणजे गेनबिटकॉइन. अमित भारद्वाज याने ते उभे केले. तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही त्यातून नवे 'खणून' काढू आणि १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, असे वचन होते. हे खणणे कुदळीचे नव्हे. जगभरचे संगणक व्यवहार तपासून नोंदवत असतात, आणि साधारण दर १० मिनिटांनी त्यातल्या एकाला नवी नाणी बक्षीस मिळतात. हे बक्षीस सुमारे चार वर्षांनी निम्मे होते; जुलै २०१६ मध्ये ते २५ वरून १२.५ वर आले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जायची नाहीत. ज्या विहिरीचे पाणी ठरल्या दिवशी निम्मे होणार हे आधीच ठाऊक आहे, तिच्यावर कोणी बारमाही पाटाचे वचन देतो का? शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळले असते. सांगितले कोणी नाही. तपास यंत्रणांचे म्हणणे असे, की परतावा नव्या माणसांच्या पैशातून दिला जात होता, आणि ते आटल्यावर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती ठेवले गेले. त्याची किंमत त्याहून फारच कमी होती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच मार्चमध्ये, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच त्यातले बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपण आणि शेत, दुसरे काय म्हणावे!

नाशिकला हे नवे नव्हते. २०१४ मध्ये केबीसी मल्टिट्रेड बुडाली तेव्हा तिचा चालक सिंगापूरला निघून गेला होता; २०१६ मध्ये तो मुंबई विमानतळावर पकडला गेला. तिथे आभासी नाणे नव्हते, पण साखळी हीच होती, भाचा मामाला आणत होता.

पुढे एप्रिल २०२२ पासून सरकारने या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, तर "सरकारने मान्यताच दिली" असे सांगत साखळीवाले पुन्हा फिरले. कर म्हणजे मान्यता नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले होते. ज्यांनी कोणाचे न ऐकता स्वतःच्या मोबाइलवर उघड खरेदी केली, त्यांनाही धक्के बसले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर दरोडा पडला आणि लोकांचे पैसे अडकले. पण तो धोका त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला होता. माझे भांडण त्यांच्याशी नाही.

माझे भांडण मधल्या माणसाशी आहे. वरचा ठग परमुलखातला, खालचा गरजू. त्या दोघांना जोडणारा आपला. आपल्यात एकमेकांच्या पायावर डोके ठेवायची रीत आहे. ती रीतच त्याने विकली. १९७८ च्या कायद्याने अशा साखळी योजना चालवणेच नव्हे, त्यात भाग घेणेही मना आहे. पण कायदा बाजूला ठेवू, आपण आपल्या घरातले बोलू.

हा माणूस आज दिंडीत पुढे चालतो. आणि ज्याचे गेले तो मागे राहतो, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. उलट व्हायला हवे होते ना? कोणी बोललेच, तर समजूत घालणारे तुकोबांना मध्ये आणतात. तुकोबांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, तुम्हीही सोडून द्या म्हणतात. माउली, ती कथा नीट आठवा. बुडवली ती खते लोकांकडून येणे असलेली. स्वतः कोणाचे देणे होते ते त्यांनी बुडवले नाही. आणि त्या येण्यातही कान्होबांचा निम्मा वाटा होता. तो आधी कान्होबांच्या हाती दिला, मग आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. भावाचे येणे माफ करायचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही. मग दुसऱ्याचे चार लाख माफ करणारे तुम्ही-आम्ही कोण?

"त्याचेही पैसे बुडालेच की," असे म्हणतात. बुडाले असतील. त्याने स्वतः घातले ते बुडाले, त्याची कीव करू. पण शेजाऱ्याच्या फंडातून जो वाटा त्याच्या खात्यात आला, तो त्याने घातलेला नव्हता. तो आजही दुसऱ्याचा आहे. त्यातून त्याने पंगत घातली, मंडळाला नवी पखवाज दिली. ती पखवाज वाजते तेव्हा माझे बोट वीणेवर अडखळते.

आणि माझे? मी वाटा घेतला नाही, शब्द मात्र दिला. गेल्या महिन्यात त्या घरी गेलो आणि जे बोलायचे ते बोललो. त्यांनी आत चहा ठेवायला सांगितला आणि विषय बदलला. उठताना नेहमीसारखे पायाला हात लावायला वाकले, ते मला सोसवले नाही.

मंडळाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. देवळाच्या आवारात आणि दिंडीच्या वाटेवर कोणतीही गुंतवणूक सांगायची नाही. आणि ज्याने आपल्या माणसांकडून वाटा घेतला, त्याने तो परत केल्याशिवाय त्याच्याकडून दिंडीची भिशी घ्यायची नाही. हवे तर हप्त्याने फेडावा, आषाढीपूर्वी सुरुवात करावी. पहिल्यावर सगळ्यांनी माना डोलवल्या. दुसऱ्याला अजून एकाचेही अनुमोदन आलेले नाही.