विश्लेषण : इंजिनीअर लष्करप्रमुख व्हायला २०२२ का उजाडावं लागलं?

३० एप्रिल २०२२ रोजी नागपूरचे जनरल मनोज पांडे यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रं हाती घेतली. कोअर ऑफ इंजिनीअर्समधून या पदावर पोहोचलेले ते पहिलेच अधिकारी. त्याआधीचे प्रमुख पायदळ, रणगाडा दल किंवा तोफखान्यातून आलेले होते. पूल बांधणारा, सुरुंग काढणारा अधिकारी सर्वोच्च पदापर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागला?

लष्करातले इंजिनीअर नेमकं काय करतात?

थोडक्यात सांगायचं तर आपल्या सैन्याची वाट मोकळी करायची आणि शत्रूची अडवायची. नदीवर पूल टाकणं, सुरुंग पेरणं आणि निकामी करणं, खंदक आणि बंकर उभारणं ही कामं 'सॅपर्स' करतात. त्यांचे तीन मोठे गट आहेत : मद्रास, बंगाल आणि बॉम्बे. यातल्या बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय पुण्यात खडकीला आहे आणि अधिकाऱ्यांना अभियांत्रिकी शिकवणारं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंग तिथून जवळच दापोडीला.

काम साधं नाही. १९४८ मध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी शत्रूच्या माऱ्यात नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं.

मग शर्यतीत मागे का पडतात?

लष्करात पायदळ आणि रणगाडा दल थेट लढतात. इंजिनीअर्सची गणना त्यांना साथ देणाऱ्या दलांत होते. सध्याच्या नियमांनुसार लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. कर्नलपासून पुढे निवड मंडळाची चाळणी लागते आणि दर पायरीला जागा कमी होत जातात. त्यातही वरची पदं मिळवायची, तर फक्त आपल्या दलातलं काम पुरत नाही. पायदळाची ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर सांभाळून दाखवावी लागते. बहुतेक इंजिनीअर अधिकाऱ्यांची वाट इथेच वळते.

पांडे यांनी ही पायरी कशी ओलांडली?

डिसेंबर १९८२ मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. संसदेवरच्या हल्ल्यानंतरच्या 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये त्यांनी पल्लनवाला भागात नियंत्रण रेषेजवळ ११७ इंजिनीअर रेजिमेंटचं नेतृत्व केलं. इथिओपिया-इरिट्रियामधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत ते मुख्य अभियंता होते.

पण निर्णायक ठरल्या त्या त्यांच्या दलाबाहेरच्या जबाबदाऱ्या. नियंत्रण रेषेवर पायदळाची ब्रिगेड, पश्चिम लडाखमध्ये माउंटन डिव्हिजन, ईशान्येत कोअर, त्यानंतर अंदमान-निकोबार कमांड आणि पूर्व कमांड. म्हणजे प्रमुखपदासाठी नाव चर्चेत आलं, तोवर ते निव्वळ 'इंजिनीअर' उरलेच नव्हते.

कर्तृत्व पुरेसं असतं का?

नाही, आणि खरी गोम इथेच आहे. लेफ्टनंट जनरल वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची बासष्ट वर्षं, यातलं जे आधी होईल तोवर पद मिळतं. पांडे यांचा जन्म ६ मे १९६२ चा. जनरल मनोज नरवणे ३० एप्रिल २०२२ ला निवृत्त झाले. तेव्हा निवड झाली नसती, तर पांडे महिनाभरातच उपप्रमुख म्हणून घरी गेले असते.

असं आधी घडलंही आहे. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत हेही बॉम्बे सॅपर्सचेच. १९४१ मध्ये इथिओपियात त्यांनी चार दिवस, ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रं शोधून साफ करवून घेतली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. सत्तरच्या दशकात ते लष्करप्रमुख होतील अशी चिन्हं होती. मात्र तत्कालीन प्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत त्याआधीच निवृत्त झाले.

म्हणूनच मे २०२४ मध्ये सरकारने पांडे यांनाच महिन्याची मुदतवाढ दिली, तेव्हा भुवया उंचावल्या. कारण उपप्रमुख लेफ्टनंट जनरल उपेंद्र द्विवेदी ३० जूनला निवृत्त होणार होते. अखेर त्याच दिवशी द्विवेदी प्रमुख झाले आणि चर्चा थांबली.

यातून काय बदललं?

पांडे यांच्याच कार्यकाळात, १ ऑगस्ट २०२३ पासून, ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, बिल्ले, पट्टा यांवरून कोण कुठल्या दलातून आला, हे आता ओळखू येत नाही. दलाची खूण अंगावरून गेली हे खरं, पण निवडीतूनही ती गेली का? त्यासाठी तरुण इंजिनीअर अधिकाऱ्यांपैकी कितीजणांना पायदळाची ब्रिगेड सांभाळायची संधी मिळते, हे बघावं लागेल. ती वेळेत मिळाली, तरच पुढच्या पायऱ्या. आणि त्या सगळ्या चढूनही शेवटी जन्मतारीख आड येऊ शकतेच.