तुरीचा भाव केळीत

‘मामा, दोन्ही वस्तू ज्याला चांगल्या जमतात, त्यानं दुसऱ्याकडून विकत घ्यायचंच कशाला?’ अकरावीत अर्थशास्त्र घेतलेल्या भाचीनं विचारलं. डेव्हिड रिकार्डोनं 1817 साली दिलेल्या उदाहरणावर ती अडली होती. त्यात कापड आणि वाइन ही दोन्ही पोर्तुगालला इंग्लंडपेक्षा कमी श्रमात जमतात; तरी त्यानं वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, असं रिकार्डो म्हणतो. नांदेडच्या पोरीला पोर्तुगाल लांबच. म्हणून हिशेब जवळच्या अर्धापूरचा आणि लातूरकडच्या औशाचा मांडला.

आकडे फक्त समजण्यापुरते. अर्धापूरला इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी. तिथं एकरी 180 क्विंटल केळी किंवा 6 क्विंटल तूर धरू. औशाच्या कोरडवाहू रानात तूर 5 क्विंटल, केळी ओढूनताणून 20. दोन्हींत अर्धापूर पुढे. पण क्विंटलभर तुरीपायी अर्धापूरकराला 30 क्विंटल केळी सोडावी लागतात, औसेकराला फक्त 4. म्हणजे तूर स्वस्त पडते ती औशाला! आता क्विंटलभर तुरीला 10 क्विंटल केळी असा सौदा ठरला, तर अर्धापूरकराला एकरामागे 6 ऐवजी 18 क्विंटल तूर मिळते. औसेकराला 20 ऐवजी 50 क्विंटल केळी. दोघंही फायद्यात. कोण वरचढ हे बघायचंच नाही; काय सोडून काय मिळतं, ते बघायचं. तुलनात्मक लाभ तो हाच.

‘मग लातूरकडे एवढा ऊस का?’ तिचा पुढचा प्रश्न. शेतकरी खुळा नाही. उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, कायद्यानं बांधलेली. कारखान्यानं ती द्यायलाच हवी. तुरीचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,550 रुपये होता, पण आडतीवर माल गेला की सौदा बाजारभावानं. शिवाय उसाच्या जमाखर्चात पाण्याचं खरं मोल कुठं लिहिलेलं नसतं. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळानं ते दाखवलं. लातूरकरांच्या पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं.

भावच खोटं बोलत असतील, तर रिकार्डोचं गणित चुकीचं पीक निवडून देतं. ‘ऊस सोडा’ असा उपदेश शेतकऱ्याला करण्याआधी सरकारनं तुरीची खरेदी उसाइतकी पक्की करावी. पुढचा हिशेब तो स्वतः मांडेल.