लोकाश्रयाचे विस्मरण

इंग्लंडमधील ‘मॅरिलियन’ या वाद्यवृंदाने २००१ साली नव्या ध्वनिमुद्रिकेचे पैसे १२ हजारांहून अधिक चाहत्यांकडून मुद्रणापूर्वीच घेतले. आपल्यातील जाणती मंडळी याला भिक्षा म्हणून नाक मुरडतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून घेतलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे. लोकांच्या देणग्यांवर आणि तिकिटाच्या मैफलींवर. त्यांना भिक्षेकरी म्हणण्याचे धैर्य कोणास आहे?

आम्ही ग्वाल्हेरकर मात्र हद्दू-हस्सू खाँची नावे सांगत राजाश्रयाच्याच सवयीत राहिलो. १९४८ साली संस्थान विलीन झाले. दरबाराच्या जागी सरकार आले, एवढेच. तानसेन समारोह सरकारी खर्चाने ऐकावा, घरगुती बैठकीत पहिली रांग धरावी, आणि एखाद्या तरुण गायकाने ध्वनिमुद्रिकेसाठी शंभर घरांकडे आगाऊ नोंदणी मागितली की म्हणावे, ‘आधी निघू तर द्या, मग पाहू!’ (लग्नाच्या आहेरात हात असा आखडत नाही.) निघाल्यावरही विकत घेणारे थोडे, मागून नेणारेच फार.

स्टुडिओचे भाडे आणि साथीदारांची बिदागी ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वीच द्यावी लागते. ती कोणी द्यावी, हे त्या तरुणास आम्ही अद्याप सांगितलेले नाही.